आकाशाचे वेध आणि सामाईक आज्ञावली : औंढा नागनाथ येथील नियोजित वेधशाळेच्या निमित्ताने

इ. स. १८८७ मध्ये पॅरिस येथे निरनिराळ्या देशांतील ज्योतिर्विदांची एक परिषद भरली आणि तीत संपूर्ण आकाशाचे छायाचित्रण करून ताऱ्यांची एक सूची सिद्ध करण्याचे ठरले. त्यासाठी आकाशाचे पट्टे पाडण्यात आले व एकेक पट्टा एकेका वेधशाळेकडे सोपविण्यात आला. उणे सतरा ते उणे तेवीस अंश क्रांतीचा पट्टा प्रथम चिली देशातील सांतियागो येथील वेधशाळेकडे होता. पुढे तो हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला, आणि पॉकॉक व त्यांच्यानंतर टी. पी. भास्करन् यांच्या कारकिर्दीत तेथे हे काम चिकाटीने पार पडले. ही वेधशाळा १९०८ पासून निजाम सरकारच्या खर्चाने चालत असे. अर्थात् ज्या खजिन्यातून तिचा खर्च होई त्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड व बीड या जिल्ह्यांचा महसूलही जमा होत होता. मराठवाड्याचा आंतरराष्ट्रीय आकाशसंशोधनाशी संबंध आज प्रथमच येत आहे असे जे समजले जाते, ते यामुळे पूर्णांशाने खरे नाही.

या उपक्रमात ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, त्यात भाग घेणाऱ्या सुमारे वीस वेधशाळांनी छायाचित्रांच्या काचा परस्परांकडे पाठविण्यापूर्वीच एक संकेत मान्य केला होता : काचेवरील एक मिलिमीटर अंतर म्हणजे आकाशातील एक कला. हा संकेत नसता तर हैदराबादची मोजमापे ग्रीनिचच्या उपयोगी पडली नसती. संकेत पाळला गेल्यामुळेच त्या जुन्या सूचीतील स्थाने पुढे सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टायको-२ या सूचीत ताऱ्यांची निजगती काढण्यासाठी वापरता आली. मोजणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या वेळी हयात नव्हते. त्यांचे आकडे मात्र बोलू शकले.

सहकार्याचा हा संकेत त्या काळी परिषदेच्या ठरावात लिहिलेला असे. आज तो बहुतांशी आज्ञावलीत, म्हणजे रूढ भाषेत ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात त्यात, लिहिलेला असतो. हा फरक वरकरणी वाटतो तेवढा लहान नाही. ठराव माणसे वाचतात आणि आपापल्या समजुतीप्रमाणे अमलात आणतात. आज्ञावली यंत्र अमलात आणते, आणि तिच्यात जे लिहिले आहे तेच, अधिक नाही व उणेही नाही. संशोधनाची पद्धती आणि संशोधनाचे साधन ही दोन्ही तिच्या ठिकाणी एकवटली आहेत. यास्तव ती कोणी लिहिली, कोणाला वाचता येते आणि कोणाला बदलता येते, हे प्रश्न आता ज्ञानाच्या प्रामाण्याचेच प्रश्न होऊन बसले आहेत.

ही गोष्ट स्पष्ट करण्यास हिंगोली जिल्ह्याइतके जवळचे दुसरे उदाहरण सापडणार नाही. छत्रपती संभाजीनगरपासून दोनशेहून अधिक किलोमीटरांवर, औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वतरंगांचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारावयाची आहे. केंद्र सरकारने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः संमती दिली, त्याच वर्षीच्या मार्चअखेर अमेरिकेशी सामंजस्य करार झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी मिळाली. काम सुरू होण्याचे लक्ष्य त्या वेळी २०३० हे वर्ष धरले होते. यंत्राचे मुख्य घटक अमेरिकेतून यावयाचे आहेत; जागा, इमारत, निर्वात नळ्या आणि चालविणारी माणसे भारताची. पुण्याची आयुका, गांधीनगर येथील प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा खात्याचा बांधकाम विभाग यांनी ही जबाबदारी वाटून घेतली आहे. वर्तमानपत्रांतून जे छापून येते ते बहुधा या इमारतीविषयी व खर्चाविषयी असते. तथापि या वेधशाळेचा अर्धा भाग डोळ्यांना दिसणारा नाही, आणि तो अर्धा भाग आधीच बांधून झालेला आहे.

तो कसा, हे समजण्यासाठी यंत्र काय करते हे थोडक्यात पाहिले पाहिजे. काटकोनात असलेल्या दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटर लांब; दोहोंतून लेसरचा किरण जातो, टोकाच्या आरशांवरून परत फिरतो आणि दोन्ही किरण पुन्हा एकत्र येतात. दूरवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली म्हणजे अवकाशात जी लहर उठते, ती पृथ्वीवरून जाताना एक भुजा किंचित् लांब व दुसरी किंचित् आखूड करते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन व हॅनफर्ड येथील यंत्रांनी अशी लहर प्रथमच टिपली. त्या वेळचा फरक लांबीच्या मानाने, एकावर एकवीस शून्ये मांडून होणाऱ्या संख्येत एक, एवढा होता. चार किलोमीटरांच्या भुजेत तो प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाइतका भरतो. यंत्रात याहून कितीतरी मोठी हालचाल सतत चालूच असते : जमिनीची कंपने, आरशांच्या कणांची उष्णताजन्य हालचाल, लेसरच्या प्रकाशातील अनियमितता. मिळणारी नोंद म्हणजे एक अखंड गोंगाट. लहर त्यात असली तरी डोळ्यांना क्वचितच दिसते. ती काढावी लागते, आणि काढण्याचे काम आज्ञावलीचे आहे.

समजा, महाशिवरात्रीच्या यात्रेत नागनाथाच्या देवळासमोर हजारो माणसे बोलत आहेत आणि त्या कोलाहलात एका आईला आपल्या मुलाची हाक ऐकावयाची आहे. हाक इतरांच्या आवाजाहून मोठी नसते. तरीही ती ऐकू येते, कारण त्या हाकेचा चढउतार आईच्या कानात आधीच ठसलेला असतो. ती गोंगाट ऐकत नाही. गोंगाटाशी आपल्याजवळचा साचा जुळवून पाहते. संशोधनात हीच पद्धत वापरतात आणि तिला 'अनुरूप गाळणी' असे म्हणता येईल. सापेक्षतेच्या सिद्धांतावरून अपेक्षित लहरीचा आकार आधी गणिताने काढावयाचा, तो साचा नोंदीवरून क्षणाक्षणाने पुढे सरकवावयाचा, आणि जेथे गोंगाट अधिक असतो त्या कंपनसंख्यांना कमी महत्त्व देत दोहोंचे साम्य मोजावयाचे. साम्य एकाएकी वाढले तर तेथे काहीतरी आहे असा संशय घ्यावयाचा.

अडचण अशी की, हाक कोणाची हे आधी ठाऊक नसते. दोन कृष्णविवरांची वस्तुमाने व त्यांचे परिवलन यांप्रमाणे साचा बदलतो. आणि शक्यता तर अनंत. सगळे साचे वापरता येत नाहीत, थोडे वापरले तर लहर निसटते. मग किती घ्यावेत आणि एकमेकांपासून किती अंतरावर? या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर शोधणाऱ्यांत पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचा गाळण्यांच्या निवडीविषयीचा निबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. लायगोची यंत्रे त्या वेळी कागदावरच होती, आणि आयुका सुरू होऊन अवघी तीन वर्षे झाली होती. बंगळूर येथे बाला अय्यर हे फ्रान्समधील सहकाऱ्यांसमवेत लहरीच्या आकाराचे सूक्ष्म गणित त्याच दशकात करीत होते. आणि विलीन झाल्यावर कृष्णविवर घंटेप्रमाणे कसे निनादते, याचा विचार सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच केला होता. या कामासाठी यंत्र लागत नव्हते. कागद, पेन्सिल, एक बेताचा संगणक आणि परदेशी पोचणारे टपाल एवढे पुरत होते. भारताचा या विषयातील प्रवेश इमारतीच्या दाराने झालेला नाही, गणिताच्या दाराने झाला आहे, हे विसरू नये.

२०१५ च्या शोधात सुमारे अडीच लक्ष साचे वापरण्यात आले होते. हे साचे ठेवणारी, सरकविणारी व साम्य मोजणारी जी आज्ञावली आहे तिचे मूळ 'लाल' या नावाच्या संग्रहात आहे. (नाव इंग्रजी आद्याक्षरांचे, मराठी वाचकाला रंग दिसतो, त्याला इलाज नाही.) ती मुख्यतः सी या भाषेत लिहिलेली असून तिच्यावर पायथॉन भाषेतील 'पायसीबीसी' व दुसरी 'जीएसटीलाल' अशा दोन स्वतंत्र शोधप्रणाली उभारल्या गेल्या. स्वतंत्र म्हणावयाचे ते शोधाच्या पद्धतीपुरते. पायाचे दगड काही अंशी समान आहेत. आणखी खोल गेल्यास आणखी जुने दगड लागतात. कंपनसंख्यांचे पृथक्करण करणारा 'एफएफटीडब्ल्यू' हा संग्रह मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १९९७ च्या सुमारास तयार झाला आणि त्याच्यामागील शीघ्र गणनपद्धती कूली व टकी यांनी १९६५ मध्ये मांडली. 'जीएसटीलाल' ज्या साधनावर उभी आहे ते संगणकावर गाणी व चित्रपट वाजविण्यासाठी बनविलेले होते. साचे न वापरता, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी उसळलेली कोणतीही शक्ती शोधणारी जी तिसरी प्रणाली आहे, तिने सप्टेंबर २०१५ मधील लहर तीन मिनिटांच्या आत प्रथम पकडली. ती जिनिव्हाच्या कणभौतिकी प्रयोगशाळेत जन्मलेल्या 'रूट' या आज्ञावलीचा उपयोग करते. सारांश, ज्या निबंधावर हजारांहून अधिक लेखकांची नावे आहेत, त्यात ज्यांची नावे नाहीत अशा लोकांचे श्रमही तेवढेच मोठे आहेत. आणि गुरुत्वतरंग हा शब्दसुद्धा त्यांपैकी कित्येकांच्या कानावर गेला नसेल.

इतक्या हातांनी लिहिलेला मजकूर शुद्ध राहतो तरी कसा? हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला नवा नाही. पैठण येथे शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती याच अडचणीतून. सुमारे तीनशे वर्षे पोथी हातोहात उतरविली गेली होती. कोठे लेखकाचा प्रमाद, कोठे एखाद्याने भक्तीच्या भरात घातलेली स्वतःची ओवी, आणि कोणी केव्हा काय बदलले याची नोंद कोठेच नाही. एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि पुढे कोणी भर घालू नये अशी सूचनाही देऊन ठेवली. सामाईक आज्ञावलीचा व्यवहार याच्या उलट टोकाने चालतो. तेथे भर घालण्यास मनाई नसते, किंबहुना निमंत्रण असते. अट एवढीच की प्रत्येक बदल त्याच्या कर्त्याचे नाव, तारीख व कारण यांसह एका आवृत्तीवहीत नोंदला गेला पाहिजे, आणि कोणत्याही मागील क्षणीचा पाठ जसाच्या तसा पुन्हा काढता आला पाहिजे. मग २०१५ चा निष्कर्ष ज्या पाठावरून निघाला तो पाठ आजही उघडून पाहता येतो. 'लाल' ज्या सार्वजनिक परवान्याखाली दिली जाते त्याची आणखी एक अट आहे : जो कोणी तिच्यात बदल करून ती दुसऱ्यास देईल, त्याने बदललेला मूळ मजकूरही त्याला दिला पाहिजे. घेतलेले उघडे, तर दिलेलेही उघडे.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. सर्वांनी एकच आज्ञावली वापरली तर तिच्यातील चूकही सर्वांचीच होणार. मग शंभर संस्थांनी एकच निष्कर्ष काढला याला महत्त्व ते काय? शंका काल्पनिक नाही, हे पुढील प्रकरणावरून दिसून येईल.

पहिल्या शोधाच्या वेळची नोंद सार्वजनिक करण्यात आली होती. कोपनहेगन येथील नील्स बोर संस्थेच्या काही संशोधकांनी ती उतरवून घेतली आणि स्वतःच्या पद्धतीने तपासली. लहरीचा साचा नोंदीतून वजा केल्यावर जो अवशेष राहतो तो निव्वळ गोंगाट असला पाहिजे, आणि तीन हजार किलोमीटर अंतरावरील दोन यंत्रांच्या गोंगाटांत परस्परसंबंध असण्याचे कारण नाही. त्यांना मात्र संबंध आढळला. आणि तोही लहरीच्या कालांतराएवढ्याच, म्हणजे सुमारे सात सहस्रांश सेकंदाच्या अंतराने. २०१७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. नोबेल पारितोषिक त्याच वर्षी वाइस, बॅरिश व थॉर्न यांना जाहीर झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे या आक्षेपाचे वजन कळून येईल. आक्षेप खरा ठरता तर ज्या भेदावर सगळी इमारत उभी आहे, तो लहर व गोंगाट यांमधील भेदच डळमळीत झाला असता.

याचा निकाल अधिकाराने लागला नाही. शोध लावणाऱ्या गटातील एका संशोधकाने आक्षेपकांच्या गणिताची पुनरावृत्ती करून आपली आज्ञावली सर्वांसमोर ठेवली आणि दाखविले की, नोंदीचा तुकडा त्याच्या कडा सौम्य न करता तसाच पृथक्करणास घेतला, तर कडांच्या तुटण्यातून भिन्न कंपनसंख्यांमध्ये खोटे संबंध निर्माण होतात. पुढे नील्सन, नित्झ, कापानो व ब्राउन यांनी स्वतंत्रपणे अवशेष तपासले आणि आपल्या गणिताची प्रत्येक ओळ निबंधाबरोबर प्रसिद्ध केली. योग्य साचा वजा केल्यावर अवशेषांत लक्षणीय संबंध उरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. परंतु त्याच तपासात दुसरीही गोष्ट बाहेर आली : मूळ निबंधातील जी आकृती जगभर छापली गेली, तिच्यातील साचा हा नोंदीशी सर्वांत चांगला जुळणारा साचा नव्हता, तो समजावून सांगण्यासाठी निवडलेला होता, आणि निबंधात ही बाब जेवढी स्पष्ट व्हावयास हवी होती तेवढी झाली नव्हती. आक्षेपकांच्या गोंधळाचे एक कारण ती आकृती होती. दोन्ही पक्षांना काहीतरी मान्य करावे लागले असे म्हणावयास हरकत नाही; आक्षेपकांनी मात्र आपले म्हणणे सर्वस्वी सोडले नाही.

या वादात आक्षेप घेणाऱ्यास नोंद मागण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही, आणि उत्तर देणाऱ्यास 'आम्ही तज्ज्ञ आहोत' असे म्हणून सुटता आले नाही. सामाईक आज्ञावलीने चूक टळते असे नव्हे. चूक दाखविता येते, एवढेच. शंकेला उत्तर द्यावयाचे तर ते असे की, सामाईकपणाबरोबर वेगळेपणही जपावे लागते. पहिल्या शोधात तीन प्रणाली ठेवल्या होत्या त्या यासाठीच. प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेतील मातियास झाल्दारियागा यांच्या गटाने तर सार्वजनिक नोंदीवर सर्वस्वी स्वतःची आज्ञावली चालविली आणि २०१९ पासून मूळ गटाच्या सूचीत नसलेल्या काही घटना पुढे आणल्या. त्यांतील सर्वच सर्वांना मान्य झाल्या असे नाही. पण वाद आता साम्य किती व शक्यता किती या आकड्यांचा आहे, विश्वासाचा नाही.

आकड्यांचा उल्लेख आलाच आहे, तर पहिल्या शोधाची खात्री कशी करण्यात आली हेही सांगितले पाहिजे, कारण त्यातील युक्ती मोठी सुंदर आहे. खरी लहर प्रकाशाच्या वेगाने जाते. दोन अमेरिकी यंत्रांतील अंतर तोडण्यास तिला अधिकात अधिक दहा सहस्रांश सेकंद लागतात. मग एका ठिकाणची नोंद मुद्दाम एक दशांश सेकंदाने पुढे सरकविली तर दोहोंत एकाच वेळी दिसणारी कोणतीही घटना खरी असूच शकत नाही; ती निव्वळ योगायोग. अशा निरनिराळ्या सरकवण्या लक्षावधी वेळा करून, सोळा दिवसांच्या नोंदीतून सुमारे सहा लक्ष वर्षांच्या गोंगाटाचा नमुना तयार करण्यात आला. त्यात त्या लहरीइतका बलवान योगायोग एकदाही आढळला नाही. निष्कर्ष म्हणून, असा योगायोग दोन लक्ष तीन हजार वर्षांत एकदाहून कमी वेळा घडेल, असे जाहीर करण्यात आले. दोन लक्ष वर्षे वाट पाहावी लागू नये म्हणून संगणक किती कामास येतो, याचे हे उदाहरण.

त्यानंतर सूची वाढत गेली. २०२१ मधील सूचीत नव्वद घटना होत्या. पुढे ती दोनशेच्या पलीकडे गेली. इटलीतील 'व्हर्गो' व जपानमधील 'काग्रा' ही यंत्रे जोडली गेली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाची लहर मिळाली तेव्हा तिचे आकाशातील स्थान सुमारे तीस चौरस अंशांच्या आत सांगता आले. दोनच यंत्रांनी टिपलेल्या पहिल्या लहरीचे स्थान त्या वेळी सुमारे सहाशे चौरस अंशांत कोठेतरी एवढेच सांगता आले होते. स्थान सापडल्यामुळे दुर्बिणी त्या दिशेला वळल्या. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनेही त्या प्रकाशाचा मागोवा घेतला. इतर यंत्रांपासून फार दूर, पृथ्वीच्या वेगळ्याच भागात असलेले औंढ्याचे यंत्र हे स्थाननिश्चितीचे काम पुष्कळ सुधारील. त्याचे भौगोलिक महत्त्व यात आहे.

मराठवाड्यापुढील खरा प्रश्न मात्र भूगोलाचा नाही. जमीन आपली, रस्ता आपला, वेधशाळेच्या नावाने गावाचे नाव जगाच्या नकाशावर. आणि नोंदींचे वाचन मात्र पुण्यात, पासाडिनात व हॅनोव्हरला, अशी विभागणी होणे अगदी शक्य आहे. निजामिया वेधशाळेच्या वेळी मराठवाड्याचा वाटा महसुलापुरता होता. तो इतिहास पुन्हा घडू द्यावयाचा नसेल तर इमारत पूर्ण होण्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे वेधशाळेचा अदृश्य अर्धा भाग उघडा आहे. सेकंदास ४,०९६ मोजमापे या हिशेबाने बत्तीस सेकंदांच्या नोंदीत १,३१,०७२ आकडे येतात. हा भार साध्या संगणकालाही जाणवत नाही. पहिल्या लहरीचा शोध हिंगोलीच्या अथवा या शहरातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, पदव्युत्तर वर्गाच्या एका सत्रात, पुन्हा लावून पाहता येतो. अडीच लक्ष साचे सरकविण्यास आयुकातील 'सारथी'सारखा संगणकसमूह लागेल. पण एक साचा सरकविण्यास लागत नाही, आणि शिकावयाचे ते एका साच्यात सगळे आहे.

अडथळे दुसरीकडे आहेत. आज्ञावली लिहिणाऱ्याचे, तिच्यातील दोष काढणाऱ्याचे किंवा तिची मार्गदर्शिका तयार करणाऱ्याचे श्रम विद्यापीठीय मूल्यमापनात सहसा मोजले जात नाहीत. मोजले जातात ते निबंध. त्यामुळे ज्या तरुणाने सामाईक आज्ञावलीतील एक दोष शोधून तो दुरुस्त केला, आणि जगातील प्रत्येक वेधशाळेने ती दुरुस्ती स्वीकारली, त्याच्या नावावर एकही ओळ जमा होत नाही. उलट कोणी न वाचलेला निबंध पदरी असणारा पुढे जातो. ही तक्रार एका देशाची नाही. परंतु जेथे जागा थोड्या व स्पर्धा मोठी, तेथे तिची झळ अधिक बसते. दुसरा अडथळा विषयांच्या भिंतींचा. भौतिकीचा विद्यार्थी आज्ञावली म्हणजे संगणकशास्त्राचे काम समजतो, संगणकशास्त्राचा विद्यार्थी सापेक्षतेला हात लावीत नाही, आणि संख्याशास्त्राला तर कोणी बोलावीतच नाही. या संशोधनात तिन्ही एकाच पानावर लागतात.

भाषेचा अडथळा सांगितला जातो तेवढा मोठा नसावा. सामाईक आज्ञावलीची भाषा इंग्रजी आहे हे खरे. पण तिच्यातील इंग्रजी शब्द शे-दोनशेच, आणि त्यांचे अर्थ कोशातील नव्हेत, ठरविलेले. १८८८ मधील आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीप्रमाणेच ती एक संकेतव्यवस्था आहे. तिच्यात पॅरिसचा वा परभणीचा असा भेद नाही. जेथे समजावून सांगावयाचे असते तेथे मात्र मातृभाषेला पर्याय नसतो, आणि अनुरूप गाळणी मराठीत समजावून देणारी मार्गदर्शिका लिहिणे हेही त्या सामाईक कामातील योगदानच होय.

आणखी एक काम असे आहे की, ते येथल्याच माणसांना करावे लागेल. प्रत्येक यंत्राचा गोंगाट त्याच्या जागेचा असतो. लिव्हिंग्स्टनच्या नोंदींत जवळून जाणारी आगगाडी व जंगलातील वृक्षतोड उमटते. हॅनफर्ड येथे २०१७ च्या उन्हाळ्यात नोंदीत अधूनमधून विचित्र ठोके दिसू लागले. शोध घेता, थंड नळीवर साचलेले बर्फ डोमकावळे चोचीने फोडीत असल्याचे आढळले. अशा खोट्या ठोक्यांचे आकारावरून वर्गीकरण करण्याचा 'ग्रॅव्हिटी स्पाय' हा उपक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. त्यात सामान्य नागरिक भाग घेतात, आणि यंत्राला वर्गीकरण शिकविण्यासाठी त्यांनी केलेली निवडच वापरली जाते. ठोक्यांना नावेही त्यांच्या आकारावरून पडली आहेत. एकाचे नाव 'कोई मासा' आहे. औंढ्याच्या नोंदींत काय उमटेल? रब्बीच्या पाण्यासाठी रात्री सुरू होणारे विजेचे पंप, उसाच्या गाड्या, पहिल्या वळवाचा गडगडाट, श्रावणातील सोमवारी वाढलेली वर्दळ, महाशिवरात्रीची यात्रा. यांपैकी कोणता ठोका कोणत्या तिथीला, कोणत्या पिकाच्या कोणत्या टप्प्यावर येतो, हे पासाडिना येथील कोणासही ठाऊक असण्याचे कारण नाही. ते ओळखणारी आज्ञावली अद्याप कोणी लिहिलेली नाही.